मोठ्या जनित्राचा स्टेटर: घडण, कसोट्या आणि आयुष्य

विद्युत जनित्राचे मुख्य भाग दोन: आत फिरणारा रोटर आणि त्याच्याभोवती स्थिर असलेला स्टेटर. रोटर हा विद्युतचुंबक असतो. टर्बाइन त्याला फिरवते, त्याचे चुंबकीय क्षेत्र स्टेटरच्या खाचांत बसवलेल्या तांब्याच्या वाहकांवरून सरकत जाते आणि मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या नियमाप्रमाणे त्या वाहकांत विद्युतदाब निर्माण होतो. वीज जन्माला येते ती या स्थिर भागात. रोटर फिरतो म्हणून सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते. जनित्र किती वर्षे चालणार हे मात्र बहुतेक वेळा स्टेटर ठरवतो.

चुंबक स्थिर ठेवून वाहक फिरवले तरी वीज तयार होते, आणि सुरुवातीच्या लहान यंत्रांत तसे केलेही जाई. मोठ्या जनित्राला ते परवडत नाही. ५०० मेगावॉटच्या जनित्रातून २१ किलोव्होल्ट दाबाने सुमारे १६,००० अँपिअर प्रवाह बाहेर पडतो. एवढा प्रवाह एवढ्या दाबाने फिरत्या कड्यांवर घासणाऱ्या कार्बन ब्रशांतून काढता येणार नाही. उलट रोटरला चुंबक करण्यासाठी लागणारा प्रवाह बराच कमी असतो आणि त्याचा दाबही काहीशे व्होल्टचाच. म्हणून चुंबकाने फिरायचे आणि भार स्टेटरने वाहायचा, ही वाटणी कायम झाली.

अशी जनित्रे लहान-मोठ्या सगळ्या आकारांची असतात. पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या शिवाराला पाणी देणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्यातले बरेचसे पाणी खडकवासल्याला पोहोचण्याआधी पानशेत आणि वरसगाव धरणांच्या पायथ्याशी असलेल्या वीजघरांतून आलेले असते. ही वीजघरे प्रत्येकी ८ मेगावॉटची आहेत. दौंड-शिरूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत गाळप हंगामात बगॅस जाळून सहवीजनिर्मिती होते. तिथली जनित्रे काही मेगावॉटपासून वीस-तीस मेगावॉटपर्यंतची. यवतवरून जाणारा महामार्ग पुढे सोलापूरला पोहोचतो. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात २१० आणि ५०० मेगावॉटचे संच आहेत, तर कोयनेच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॉटचे चार. आकारात इतका फरक असूनही या सगळ्या यंत्रांचे स्टेटर एकाच तत्त्वावर घडतात.

ते तत्त्व पाहायला वीजघरात जावे लागत नाही. विहिरीवरची मोटार जळाली की ती ‘भरायला’ टाकतात. त्या वाइंडरच्या दुकानात उघडा पडलेला स्टेटर नीट पाहिला तर मोठ्या स्टेटरचे सगळे अवयव त्यात लहान रूपात सापडतात: पातळ पत्र्यांचा गाभा, त्याच्या आतल्या अंगाला खाचा, खाचेत रोधक कागद, कागदात तारेची वेटोळी, वेटोळ्यांवर पाचर आणि शेवटी वार्निश. त्या मोटारीला ४१५ व्होल्ट सोसायचे असतात आणि ती बिघडली तर दोन दिवसांत भरून मिळते. मोठ्या जनित्राला हजारो व्होल्ट, हजारो अँपिअर आणि प्रचंड उष्णता पंचवीस-तीस वर्षे सोसायची असते. घडणीतला सगळा फरक इथून सुरू होतो.

भारतात विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली आहे. त्यामुळे रोटरच्या ध्रुवांची संख्या आणि फेरे यांचे नाते पक्के आहे. वाफेच्या टर्बाइनवरच्या दोन ध्रुवांच्या जनित्राला मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात. एवढ्या वेगाला रोटरचा व्यास फार वाढवता येत नाही, कारण केंद्रापासून बाहेर फेकणारे बल पोलादालाही झेपत नाही. व्यास मीटरभराच्या थोडा वर जातो आणि तिथेच थांबतो. ताकद हवी तर लांबी वाढवायची. म्हणून औष्णिक केंद्रातला स्टेटर आडव्या, लांब नळकांड्यासारखा असतो, आणि ५०० मेगावॉटच्या यंत्रात त्याचा गाभा सहा मीटरच्या आसपास लांब भरतो. पाण्याची टर्बाइन सावकाश फिरते. मिनिटाला ३७५ फेरे असतील तर १६ ध्रुव लागतात. फेरे त्याहून कमी असतील तर ध्रुव आणखी वाढतात. इतके ध्रुव बसवायला परीघ मोठा हवा. म्हणून जलविद्युत केंद्रातला स्टेटर विहिरीच्या कड्यासारखा असतो, रुंद आणि बुटका.

बांधणीची सुरुवात सांगाड्यापासून होते. जाड पोलादी पत्र्यांची कडी एकापुढे एक ठेवून, त्यांना पट्ट्यांनी जोडून, वेल्डिंग करून तो तयार करतात. वेल्डिंगमुळे धातूत राहिलेले ताण भट्टीत तापवून काढून टाकावे लागतात, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत सांगाडा हळूच वाकडा होतो. त्यानंतर आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवतात आणि त्यांची जागा अत्यंत काटेकोरपणे नेमतात, कारण पुढे लागणारा प्रत्येक पत्रा याच पट्ट्यांवर अडकतो. औष्णिक जनित्रात सांगाडा आणखी एक काम करतो. आत हायड्रोजन वायू दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे सांगाडा ही दाबपेटीच ठरते. आत हायड्रोजन आणि हवा मिसळून स्फोट झाला तरी तो फुटू नये इतका मजबूत करतात आणि पाण्याचा दाब देऊन तपासतात.

दोन ध्रुवांचा रोटर फिरताना गाभ्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढतो. गोल गाभा सेकंदाला १०० वेळा किंचित लंबगोल होतो आणि परत गोल होतो. हे स्पंदन थेट पायापर्यंत पोहोचले तर काँक्रीटला आणि आजूबाजूच्या नळ्यांना त्रास होतो. म्हणून मोठ्या यंत्रात गाभा सांगाड्याला घट्ट जखडत नाहीत. पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर टांगतात.

गाभा हा स्टेटरचा सर्वांत वजनदार भाग, आणि तो अखंड लोखंडाचा मुद्दाम करत नाहीत. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात अखंड लोखंड ठेवले तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते तापते. हा तोटा पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी निम्मी केली तर तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे गाभ्यासाठी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्रा वापरतात. पोलादात तीन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन मिसळतात. त्याने विजेचा रोध वाढतो आणि चुंबकीय दिशा उलटसुलट होण्यात जाणारी ऊर्जा घटते. भारतात असा पत्रा रूरकेल्याच्या पोलाद कारखान्यात तयार होतो. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी भागात होणारे सिलिकॉन पोलाद वेगळ्या जातीचे. त्यातले कण एकाच दिशेला वळलेले असतात, म्हणून ते मुख्यतः रोहित्रांसाठी वापरतात. स्टेटरमध्ये चुंबकीय क्षेत्र सतत दिशा बदलत फिरते, त्यामुळे सर्व दिशांना सारखे वागणारा पत्रा तिथे जास्त उपयोगी पडतो.

एवढ्या मोठ्या व्यासाचे पूर्ण कडे एका पत्र्यातून कापता येत नाही. म्हणून पंख्याच्या आकाराचे तुकडे छापावर कापतात, त्यांच्या आतल्या कडेला दाते आणि खाचा असतात. कापताना कडेला उरलेली बारीक धार घासून काढणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम सर्वांत मोलाचे आहे. धार राहिली तर ती शेजारच्या पत्र्याच्या वार्निशात रुतते, दोन पत्रे विजेने जोडले जातात आणि पातळ पत्रा वापरण्याचा हेतूच तिथे संपतो. घासलेल्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी काही मायक्रॉन जाडीचे वार्निश चढवून भट्टीत भाजतात.

पत्रे रचण्याचे काम आजही मुख्यतः हातांनी होते. भिंत बांधताना गवंडी जसा वरच्या थराची वीट खालच्या सांध्यावर ठेवतो, तसा प्रत्येक थर आधीच्या थरापासून अर्ध्या किंवा एक तृतीयांश तुकड्याने सरकवून लावतात. त्याने गाभा मजबूत होतो आणि चुंबकीय प्रवाहाला सांध्यावरून वळसा घालून जायला वाट मिळते. सहा मीटरच्या गाभ्यात अकरा हजारांच्या आसपास थर बसतात. एका थरात दहा तुकडे धरले तरी हा लाखाहून अधिक पत्र्यांचा हिशेब होतो. दर काही सेंटिमीटरवर बारीक पट्ट्या चिकटवलेला एक जाडसर थर येतो. त्याने पाच-दहा मिलिमीटरची फट राहते आणि त्या फटीतून थंड वायू खेळतो. दातांची रांग सरळ राहावी म्हणून खाचांत मापाचे ठोकळे घालून ठेवतात.

थोडी उंची झाली की हायड्रॉलिक जॅकने दाबतात, पुन्हा रचतात, पुन्हा दाबतात. अंतिम दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १५ किलोंचा असतो. दाबलेल्या अवस्थेत दोन्ही टोकांना जाड पट्टे आणि दातांवर बोटांसारखे आधार लावून लांब बोल्टांनी आवळतात. दाब कमी पडला तर वार्निश आक्रसल्यावर पत्रे सैल होतात, थरथरतात, एकमेकांवर घासून वार्निश खातात आणि कधी दाताचा तुकडाच मोडून वेटोळ्यात घुसतो. स्टेटरच्या घडणीत घट्टपणा हा पहिला गुण, आणि तो पहिल्या थरापासूनच यावा लागतो. नंतर वरून आवळून तो पूर्ण येत नाही.

गाभ्याच्या टोकांची काळजी वेगळी. तिथे चुंबकीय क्षेत्र पत्र्यांच्या कडेने न जाता सपाट अंगातून आत शिरते आणि पातळपणाचा फायदा उरत नाही. त्यासाठी शेवटचे थर पायऱ्यांसारखे आत-बाहेर कापतात, त्यांना इपॉक्सीने एकत्र चिकटवतात, दाबपट्टे चुंबकाला प्रतिसाद न देणाऱ्या धातूचे करतात आणि काही यंत्रांत पुढे तांब्याचे कवच लावतात.

वेटोळी घालण्याआधी गाभ्याची परीक्षा होते. जुनी आणि सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे गाभ्याभोवती जाड केबलचे काही वेढे घालून त्यात प्रवाह सोडणे, गाभ्यात जवळपास कामकाजाइतके चुंबकीय क्षेत्र निर्माण करणे आणि तासभर तो कुठे तापतो ते पाहणे. पूर्वी तंत्रज्ञ आत उतरून हाताने चाचपत. आता उष्णता टिपणारा कॅमेरा वापरतात. एखादी जागा शेजाऱ्यांपेक्षा दहा अंशांनी जास्त तापली तर तिथे पत्रे जुळले आहेत असे समजायचे. दुसरी पद्धत ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाली. तिच्यात कामकाजाच्या केवळ ४ टक्के क्षेत्र पुरते आणि दातांवरून फिरणारी संवेदक कॉइल दोषाचा प्रवाह मोजते. हा प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या वर गेला तर त्या जागेचा कसून तपास करतात.

गाभा तयार झाला की तांब्याची पाळी येते. शेतातल्या मोटारीत बारीक एनॅमल तारेची वेटोळी मिळेल तशी खाचेत भरतात. मोठ्या जनित्रात तसे चालत नाही. सलग वेटोळे हाताळता येत नाही म्हणून त्याचे दोन भाग करतात, आणि प्रत्येक भाग म्हणजे खाचेच्या लांबीचा एक सरळ दांडा. त्याला सगळीकडे ‘बार’ म्हणतात. औष्णिक जनित्रात खाचा सहसा ४८ ते ६० असतात आणि प्रत्येक खाचेत एकावर एक दोन बार बसतात. ४८ खाचा आणि प्रत्येक फेजला दोन समांतर मार्ग धरले तर ५०० मेगावॉटच्या यंत्रात एका बारमध्ये आठशे व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होतो आणि आठ हजार अँपिअर प्रवाह वाहतो. असे सोळा बार एकामागे एक जोडले की फेजचा पूर्ण दाब मिळतो.

आठ हजार अँपिअर एका सलग तांब्याच्या दांड्यातून नेता येत नाहीत. बदलता प्रवाह खाचेच्या तोंडाकडच्या भागात दाटतो, तळचे तांबे रिकामे राहते आणि वरचे जळते. म्हणून बार चपट्या, काचतंतूंचे वेष्टण असलेल्या पट्ट्यांचा करतात. एवढ्याने भागत नाही, कारण पट्ट्या टोकांना एकत्र जोडलेल्याच असतात. जर्मनीत मानहाइम येथे ब्राउन बोव्हरीमध्ये काम करणाऱ्या लुडविग रोबेलने १९१२ साली यावर तोड काढली. वेणी घालताना प्रत्येक पेड जसा बाजूने वर आणि वरून बाजूला जातो, तशी प्रत्येक पट्टी खाचेच्या लांबीत हळूहळू सगळ्या जागा फिरून येते. मग प्रत्येक पट्टीच्या वाट्याला चांगली आणि वाईट जागा सारखीच येते आणि प्रवाह सारखा वाटला जातो. शंभरहून अधिक वर्षे झाली, यंत्रे कित्येक पटींनी मोठी झाली, तरी बार आजही रोबेलच्याच पद्धतीने विणतात. स्टेटरच्या इतिहासात याहून सुंदर कल्पना दुसरी नाही.

आता रोधक थर. स्टेटरमधले पोलाद आणि तांबे पन्नास वर्षे टिकू शकतात. आधी संपते ते इन्सुलेशन. म्हणून या भागाला सर्वांत जास्त जागा द्यावी लागते.

उच्च दाबाच्या वेटोळ्यांसाठी अभ्रकाला पर्याय सापडलेला नाही. उष्णता आणि रोधक थरातल्या बारीक पोकळ्यांत होणाऱ्या ठिणग्या, दोन्ही ते सोसते. सेंद्रिय द्रव्ये अशा ठिणग्यांपुढे काही काळातच पोखरली जातात. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले त्या काळात अभ्रकाचे पापुद्रे कागदावर लाखेने चिकटवून बारभोवती गुंडाळत. पुढे लाखेऐवजी डांबरी द्रव्य आले. अभ्रक आणि लाख, दोन्हींचा भारत मोठा पुरवठादार होता. डांबरी रोधकाचा दोष असा की तापल्यावर ते मऊ होते. लांब यंत्रात तांबे तापून लांबते, भोवतीचे लोखंड तेवढे लांबत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत रोधकाला खाचेच्या टोकाशी भेगा पडत. १९५० च्या दशकापासून पॉलिएस्टर आणि नंतर इपॉक्सी रेझीन आली. आज अभ्रकाचा चुरा करून त्याचा कागद बनवतात, तो काचेच्या विणीवर चिकटवून फीत करतात आणि ती बारवर अर्धी-अर्धी चढवत अनेक थर गुंडाळतात.

पुढे दोन वाटा आहेत. एकीत फितीतच पुरेसे रेझीन असते. बार साच्यात घालून गरम दाबाखाली पक्का करतात. दुसरीत फीत कोरडी असते. बार बंद टाकीत ठेवून हवा आणि ओल निर्वाताने खेचून घेतात, मग रेझीन सोडून वरून दाब देतात, म्हणजे ते सगळ्या फटींत शिरते, आणि शेवटी भट्टीत भाजतात. हेतू एकच: आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. साखर कारखान्यातल्या सहवीजनिर्मितीच्या आकाराच्या जनित्रांत तर वेटोळी बसवलेला अख्खा स्टेटरच टाकीत उतरवतात. तो अतिशय घट्ट आणि ओल न धरणारा होतो; मात्र पुढे एक वेटोळे बिघडले तर तेवढेच काढून बदलणे फार अवघड जाते.

२१ किलोव्होल्टच्या यंत्रात तांबे आणि गाभा यांमध्ये बारा किलोव्होल्टांचा दाब असतो आणि त्याला अडवणारी भिंत जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. भिंत जाड केली तर तांब्याला जागा कमी पडते आणि उष्णता बाहेर जात नाही. पातळ केली तर भोक पडते. जगातल्या जनित्रनिर्मात्यांची खरी चढाओढ या चार-पाच मिलिमीटरांत चालते.

बार आणि खाचेची भिंत यांच्यात हवेची फट राहिली तर तिथेही ठिणग्या उडतात, ओझोन तयार होतो आणि पृष्ठभाग खाल्ला जातो. त्यासाठी खाचेतल्या भागावर ग्रॅफाइटयुक्त, किंचित वाहक लेप देतात. खाचेबाहेर पडताना तो एकदम थांबला तर तिथे दाब एकवटतो. म्हणून पुढे सिलिकॉन कार्बाइडचा लेप लावून दाब हळूहळू उतरवतात. खाचेच्या टोकाशी पांढरी भुकटी दिसू लागली की हा लेप संपत आल्याची ती खूण असते.

बार खाचेत बसवताना आधी तळचे, मग वरचे बसवतात. दोन्हींच्या मध्ये तापमान मोजणारे संवेदक ठेवतात. शेवटी खाचेच्या तोंडाशी काच-इपॉक्सीच्या पाचरी ठोकतात आणि त्यांच्याखाली लाटांसारखी वळलेली स्प्रिंगपट्टी घालतात, म्हणजे पुढे रोधक थोडे आक्रसले तरी दाब टिकतो. भरल्या प्रवाहात बारवर मीटरमागे काहीशे किलोंचे बल येते, सेकंदाला १०० वेळा. दिवसाला हे ठोके ८६ लाख ४० हजार होतात. सैल बार महिनाभरातच स्वतःचे आवरण घासू लागतो.

खाचेबाहेरचा भाग त्याहून अवघड. तिथे बार गाभ्याच्या आधाराविना शंकूच्या आकारात वळून दुसऱ्या खाचेतल्या जोडीदाराला भेटतात. जवळच शॉर्ट सर्किट झाले तर प्रवाह क्षणभर दहापट होऊ शकतो, आणि बल प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ते शंभरपट होते. म्हणून सगळी टोके काचतंतूंच्या दोरीने, इपॉक्सीच्या कड्यांनी आणि कंसांनी एकजीव बांधतात. बांधल्यावर हातोडीने हलके ठोके देऊन त्यांची नैसर्गिक कंपने मोजतात. ती सेकंदाला शंभराच्या जवळ असतील तर बांधणी बदलावी लागते. टोकांचे तांबे चांदीमिश्रित धातूने जोडतात. इथला एक कच्चा जोड अख्खे यंत्र जाळू शकतो, म्हणून हे काम अनुभवी हातांकडेच दिले जाते.

उष्णतेचा हिशेब पाहिला की थंड करण्याचे महत्त्व कळते. ५०० मेगावॉटच्या जनित्राची कार्यक्षमता साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास असते. उरलेला दीड टक्का म्हणजे सात मेगावॉटच्या घरातली उष्णता. पानशेतचे वीजघर पूर्ण भाराने जेवढी वीज देते, जवळपास तेवढी उष्णता या एका यंत्रातून अखंड बाहेर काढावी लागते. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतका हलका आहे आणि उष्णता हवेच्या सातपट वेगाने वाहून नेतो, म्हणून गाभा आणि रोटर त्याने थंड करतात. बारमधल्या काही पट्ट्या पोकळ असतात आणि त्यांतून क्षारमुक्त शुद्ध पाणी फिरते. हजारो व्होल्ट असलेल्या तांब्यात पाणी जाते ते टेफ्लॉनच्या नळ्यांतून. पाण्याची शुद्धता घसरली तर तेच विजेला वाट करून देईल, म्हणून तिच्यावर चोवीस तास लक्ष असते.

जलविद्युत जनित्रे बहुधा हवेनेच थंड होतात. स्टेटरभोवती पाण्याचे कूलर बसवलेले असतात आणि तीच हवा फिरत राहते. त्यांचा खरा प्रश्न आकाराचा. कोयनेच्या चारही टप्प्यांची मुख्य वीजघरे डोंगराच्या पोटात आहेत, आणि यंत्राचा प्रत्येक भाग बोगद्यातून आत न्यावा लागतो. म्हणून असे स्टेटर तुकड्यांत करून आणत आणि जागेवर जोडत. परंतु जोडाच्या जागी पत्रे कालांतराने सैल होतात. त्यामुळे अलीकडे पत्रे वीजघरात आणून तिथेच अखंड कडे रचण्याकडे कल आहे. हे जास्त वेळखाऊ असले तरी तेच योग्य आहे. रुंद कडे तापल्यावर फुगते. त्याला बाहेर सरकायला जागा दिली नाही तर गाभा लाटेसारखा वळतो. म्हणून सांगाड्याचे पाय असे बसवतात की कडे सर्व बाजूंना सारखे फुगेल आणि केंद्र मात्र हलणार नाही.

औष्णिक स्टेटर उलट अखंडच येतो. ५०० मेगावॉटच्या स्टेटरचे वजन अडीचशे टनांच्या आसपास असते. अनेक आसांच्या खास वाघिणींवर किंवा ट्रेलरवर तो हळूहळू प्रवास करतो. वीजघरातली नेहमीची क्रेन त्याला पुरत नाही. खास जॅक उभारून तो उचलावा लागतो. देशात अशी औष्णिक जनित्रे भेलच्या हरिद्वारच्या कारखान्यात आणि जलविद्युत जनित्रे भोपाळच्या कारखान्यात बनत आली आहेत. हरिद्वारचा कारखाना सोव्हिएत सहकार्याने आणि भोपाळचा ब्रिटिश सहकार्याने उभा राहिला.

जागेवर बसवल्यावर अखेरच्या कसोट्या होतात. आधी मेगरने रोध मोजतात: दहा मिनिटांनंतरचे वाचन पहिल्या मिनिटाच्या निदान दुप्पट भरले तर वेटोळी कोरडी आणि स्वच्छ आहेत असे समजतात. मग उच्च दाबाची परीक्षा. नियम सोपा आहे: यंत्राच्या दाबाची दुप्पट, अधिक १ किलोव्होल्ट, एक मिनिटभर. २१ किलोव्होल्टच्या यंत्राला ४३ किलोव्होल्ट सोसून दाखवावे लागतात. ही परीक्षा नव्या यंत्रावर पूर्ण दाबाने एकदाच करतात, कारण प्रत्येक वेळी रोधकाचे थोडे आयुष्य खर्च होते. यंत्र सुरू झाल्यावर आतल्या सूक्ष्म ठिणग्या मोजणारे संवेदक त्याची प्रकृती सांगत राहतात.

साखर कारखान्यातले जनित्र हंगामापुरते चालते आणि उरलेले महिने बंद असते. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. बंद यंत्र पावसाळ्यात ओल धरते. म्हणून त्यात हीटर बसवलेले असतात, आणि ते हंगाम नसतानाही चालू ठेवावे लागतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी मेगर न करता दाब चढवणे म्हणजे लाखोंचे वेटोळे पणाला लावणे होय.

स्टेटरचे इन्सुलेशन संपले की यंत्र भंगारात काढत नाहीत. गाभा तपासतात, पाचरी काढतात, जुने बार उपसतात आणि नवे बसवतात. वाइंडरच्या दुकानात मोटार भरतात, तेच काम मोठ्या प्रमाणावर. आजचा रोधक थर जुन्यापेक्षा पातळ असूनही जास्त दाब सोसतो, म्हणून त्याच खाचेत अधिक तांबे मावते आणि त्याच गाभ्यातून पूर्वीपेक्षा जास्त वीज मिळू शकते.